बाप गेला, शाळा राहू दे

मोरा बंदरावरच्या एखाद्या घरात बाप वारला, आई एकटी पडली, तर मुलाची शाळा सुटण्याआधी एक अर्ज जरूर करावा. राज्याच्या बालसंगोपन योजनेत मूल वसतिगृहात न जाता आई, आजी किंवा मामाकडेच राहते आणि त्याच्यासाठी महिन्याला २२५० रुपये मिळतात. २०२३ पूर्वी ११०० मिळायचे. आईबापांचा घटस्फोट, दुर्धर आजार किंवा तुरुंगवास असला तरी अर्ज चालतो. तो द्यायचा अलिबागला, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. सोबत मृत्यूचा दाखला, शाळेचे बोनाफाईड आणि हो, पालकाबरोबर घरासमोर काढलेला मुलाचा फोटोही. मंजुरी बालकल्याण समितीची. पंचाईत होते ती अठराव्या वर्षी: पैसे थांबतात, आणि कॉलेज तर नुकतेच सुरू झालेले असते.