भात्यांतील लहान बाण

भाता म्हटला म्हणजे तो पाठीवर बांधलेला अर्जुनच आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. खांडववनाच्या प्रसंगीं त्यास मिळालेले भाते अक्षय होते. त्यांतील बाण कधींच सरत नसत. म्हणून कोणता बाण कोठें ठेवावा, ही चिंता त्यास करावी लागली नाहीं. परंतु ज्याच्याजवळ अवघे पांच-सहा बाण असतात, त्यास त्यांची व्यवस्था फार विचारपूर्वक करावी लागते. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत धनुष्यबाणानें शिकार करणारे पुष्कळ लोक आजही आहेत. त्यांपैकीं अनेकांचा भाता पाठीवर नसून खुद्द धनुष्यालाच जोडलेला असतो. अशा भात्यांत ससा, खार इत्यादि लहान प्राण्यांसाठीं निराळे बाण कसे बाळगितात व कां बाळगितात, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

त्या देशांत ही विद्या पुन्हां कशी रुजली, त्याची हकीकत हृदयस्पर्शी आहे. २९ ऑगस्ट १९११ रोजीं कॅलिफोर्नियांतील ओरोव्हिल गांवाजवळ याही जमातीचा एक एकाकी पुरुष उपाशी स्थितींत आढळला. त्याचे सर्व आप्तस्वकीय नष्ट झाले होते. लोक त्यास इशी म्हणूं लागले. पुढें सॅन फ्रान्सिस्को येथील संग्रहालयांत तो राहिला. तेथें सॅक्स्टन पोप या शस्त्रवैद्याशीं त्याचा स्नेह जडला, व धनुष्य करण्याची आणि चालविण्याची आपली विद्या त्यानें पोप यांस शिकविली. १९१६ सालीं इशी क्षयरोगानें वारला. परंतु त्याची विद्या त्याच्याबरोबर गेली नाहीं. पोप यांनीं १९२३ सालीं तिजवर ग्रंथ लिहिला. त्यांचे सोबती आर्थर यंग यांच्या शिकारीचा चित्रपट पाहून फ्रेड बेअर (१९०२–१९८८) या गृहस्थास या विद्येचा छंद लागला. धनुष्यास जोडावयाचा भाता शिकारी लोकांत रूढ करण्याचें श्रेय बहुतांशीं या बेअर यांसच देतात.

या भात्याची रचना साधी आहे. वरच्या बाजूस एक खोलगट टोपण असतें. त्यांत बाणांचीं टोकें झांकलीं जातात. खालीं रबराची एक पट्टी असते. तिच्या खांचांत बाणांच्या काड्या घट्ट बसतात. पाठीवरील भात्यांतून बाण काढावयाचा म्हणजे हात खांद्यावरून मागें न्यावा लागतो, व तेवढी हालचाल सावध हरिणाच्या ध्यानांत येते. शिवाय झुडपांतून वांकून जातांना बाण सांडतात किंवा फांद्यांत अडकतात. धनुष्यावरील भात्यांत बाण हाताशींच असतो. मात्र याची किंमतही द्यावी लागते. प्रत्येक बाणाचें वजन साधारणतः तीस ग्रॅमच्या आसपास असतें. तो सर्व भार धनुष्य धरणाऱ्या हातावर पडतो, व एका बाजूस पडल्यामुळें धनुष्याचा तोल किंचित् बदलतो. म्हणून जाणते शिकारी भाता भरलेला ठेवूनच नेमबाजीचा सराव करितात.

आतां बाणांकडे वळूं. हरिणासारख्या मोठ्या प्राण्यासाठीं जो बाण असतो, त्याच्या अग्रास वस्तऱ्यासारखीं तीक्ष्ण व रुंद पातीं असतात. तो कापून जीव घेतो. लहान प्राण्याचा बाण याच्या अगदीं उलट. त्याचें टोक बोथट असून रबराचें, लाकडाचें किंवा पोलादाचें असतें. तो कापीत नाहीं, तर आघातानें प्राण्यास जागच्या जागीं पाडतो. नुसतें अणकुचीदार टोक सशाच्या देहांतून आरपार जाईल. परंतु घायाळ ससा बिळांत शिरून तेथें तळमळत मरेल. कांहीं बोथट टोकांभोंवतीं तारेचे लहान आंकडे असतात. ते गवतांत अडकल्यामुळें बाण गवताखालीं घुसून हरवत नाहीं. झाडावरील खारीवर किंवा उडत्या पक्ष्यावर सोडावयाच्या बाणास मुद्दाम मोठीं, फुलारलेलीं पिसें लावितात. प्रथम तो वेगानें जातो, परंतु हवेचा विरोध होऊन लवकरच मंदावतो, व दूर कोठेंतरी जाऊन कोणास इजा करीत नाहीं.

हे दोन प्रकारचे बाण एकाच भात्यांत ठेवणें हें वाटतें तितकें सोपें नाहीं. बोथट टोक जाड असल्यामुळें तें टोपणांतील अरुंद खांचेंत बसत नाहीं. आंकड्यांचें टोक तर आंत गुंतून राहतें. फुलारलेलीं पिसें शेजारच्या पिसांस घासून चुरगळतात. याकरितां लहान बाणास भात्याच्या कडेची जागा देतात, व ती नेहमीं एकच ठेवितात. त्याची पिसेंही निराळ्या रंगाचीं असतात. हेतु हा कीं, दृष्टि सावजावर असतां हातानें चुकीचा बाण उचलूं नये. चुकून बोथट बाण हरिणास लागला, तर तें मरणार नाहीं. हाड मोडून किंवा मुका मार लागून तें व्यर्थ यातना भोगील. शिवाय पात्यांचे बाण टोपणाबाहेर उघडे राहिले, तर ठेंच लागून पडणाऱ्या शिकाऱ्यासच ते घातक होतात. दोन्ही बाणांचें वजन शक्य तों सारखें ठेवितात, म्हणजे हाताची संवय बिघडत नाहीं. सावज दिसत नसेल तेव्हां हाच बोथट बाण कुजलेल्या बुंध्यावर सोडून शिकारी अंतराचा अंदाज शिकतो. असा हा लहान बाण दिवसभरांत बहुधा सर्वांत अधिक उपयोगीं पडतो.

आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. तेव्हां ही माहिती वाचून कोणीं गुलेल किंवा धनुष्य घेऊन पांखरांमागें लागूं नये. ज्यांस आवड असेल त्यांनीं मैदानावर, शिक्षकांच्या देखरेखीखालीं, गवताच्या लक्ष्यावर बाण सोडावे.

परंतु या भात्यापासून घरीं नेण्याजोगा एक विचार आहे, व तो विशेषतः पालकांसाठीं आहे. १२७ व्या स्तोत्रांत मुलांना वीराच्या हातांतील बाणांची उपमा दिली असून ज्याचा भाता त्यांनीं भरला आहे तो पुरुष धन्य मानिला आहे. हें स्तोत्र आपल्या प्रार्थनामंदिरांत आपण पुष्कळदां ऐकितों. भात्यांतील सर्व बाण सारखे असतात असें मात्र तें म्हणत नाहीं. एक मुलगा परीक्षेंत तीक्ष्ण पात्यासारखा चमकतो. दुसरा बोथट वाटतो, परंतु घरचें शंभर काम तोच करितो. बोथट बाणास घांसून पातें करूं पाहणारा शिकारी दोन्ही गमावतो. त्याला त्याची जागा द्यावी, ती ध्यानांत ठेवावी, व वेळ येईल तेव्हां विश्वासानें तोच हातीं घ्यावा.