पूछ लीजिए

लखनौत हजरतगंजच्या मुख्य रस्त्यावरून आत वळलं की एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर कॅमेरे दुरुस्त करणारा गाळा आहे. अडकलेली लेन्स दाखवायला मी तिथे गेले होते. दाराच्या आत खिळ्याला एक पोपटी जाकीट लटकत होतं, रस्त्याचं काम करणारे घालतात तसं. पाठीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं : ‘ड्रोन उड़ा रहा हूँ। पूछ लीजिए।’ इतक्या अदबीनं स्वतःचा बचाव करणारं जाकीट मी याआधी पाहिलं नव्हतं. लेन्स राहिली बाजूला.

जाकिटाचा मालक पंचविशीतला पोरगा. माझं हिंदी ऐकून त्यानं मान वर केली आणि सरळ मराठीत विचारलं, “पुन्याच्या का, ताई?” वडील सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचे, इथे चौक भागातल्या सराफ्यात गलाईचं दुकान. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली, त्यांतलंच हे घर. पोराचा जन्म मात्र लखनौचा. त्यामुळे त्याच्या बोलण्यात ‘हाय’ आणि ‘है’ एकाच वाक्यात सुखानं नांदतात. गलाई त्यानं सोडली, कारण अॅसिडचा वास कपड्यांतून जात नाही. ड्रोनची आवड लागली ती चित्रफिती बघून, आणि पोट भरतंय ते दुरुस्तीवर. फेब्रुवारी 2022 मध्ये सरकारनं तयार ड्रोनची आयात बंद केली, सुट्या भागांची ठेवली. म्हणून जुनी चिनी यंत्रं लोक टाकत नाहीत, दुरुस्तीला आणतात. पंखे, मोटारी, कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिंबलच्या केसाएवढ्या वायरी लालबागेतल्या नाझा मार्केटमध्ये शोधाव्या लागतात, काही ऑनलाइन मागवाव्या लागतात.

“जाकीट कशाला?” मी विचारलं.

“दोनशे एकोणपन्नास ग्रॅम, ताई,” तो म्हणाला. हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण कुठल्याही प्रश्नाला त्याचं पहिलं उत्तर हेच असतं. त्याच्या ड्रोनचं वजन दोनशे एकोणपन्नास ग्रॅम आहे. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनुसार अडीचशे ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ वर्गात येतो आणि तो उडवायला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. या एका ग्रॅमच्या फरकासाठी कंपन्यांनी यंत्रं घासूनपुसून हलकी केली. पोरगा हा आकडा असा सांगतो, जणू खिशातून ओळखपत्र काढून दाखवतोय.

अडचण अशी की त्याला घेरणाऱ्या कुणीही आजवर वजन विचारलेलं नाही.

2025 च्या उन्हाळ्यानंतर उत्तर प्रदेशात काय झालं हे मराठी वाचकाला समजावायला फार कष्ट नकोत, कारण आदल्याच वर्षी आपल्याकडे तेच झालं होतं. जून-जुलै 2024 मध्ये बीड, जालना, पुणे जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, अशी बोलवा उठली. अंतरवाली सराटीवर ड्रोन दिसले तेव्हा विषय विधिमंडळात गेला आणि तिथले मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांच्या सुरक्षेत वाढ झाली. उत्तर प्रदेशात ही लाट अमरोहा, मुरादाबाद, बिजनौर, हापूडकडून निघाली आणि पूर्वेकडे सरकत आली. गावागावांत लाठ्या घेऊन रात्रीचे पहारे सुरू झाले. मुझफ्फरनगर जिल्ह्यात पोलिसांनी दोघांना पकडलं, तर त्यांनी कबुतरांना लाल-हिरवे दिवे बांधून सोडलेलं निघालं. ऑगस्टच्या सुरुवातीला मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांनी विनापरवाना ड्रोन उडवणाऱ्यांवर गँगस्टर अॅक्ट, गरज पडल्यास राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावायचे आदेश दिले. आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला लखनौच्या शेजारच्या रायबरेली जिल्ह्यात, ऊंचाहारच्या हद्दीत, रात्री पायी जाणाऱ्या एका दलित माणसाला गावकऱ्यांनी चोर ठरवून जिवे मारलं. परिसरात ‘ड्रोन चोरां’ची अफवा पसरलेली होती. त्याच्याकडे ड्रोन नव्हता.

पोराकडे होता. त्याच सुमारास एका गावाबाहेर त्यानं उडवला आणि पाच मिनिटांत भोवती माणसं. कुणी रिमोट हिसकावला, कुणी कॉलर धरली. तो सांगत राहिला, दो सौ उनचास ग्राम, दो सौ उनचास ग्राम. बॅटरी उतरल्यावर ड्रोन आपोआप परत फिरला आणि सगळ्यांच्या मधोमध येऊन उतरला. यंत्राचा तो आज्ञाधारकपणा बघून लोक आणखी बिथरले. शेवटी चौकीवर नेलं. तिथल्या हवालदारानं चित्रण उघडून पाहिलं, त्यात फक्त ऊस होता. “आपल्या मराठी नावामुळं गंमत झाली,” पोरगा म्हणतो. “बाहेरचा म्हणून आधी जास्त संशय, नंतर आडनाव कुठल्या जातीचं ते कळंना म्हणून सोडलं.” मला यात गंमत दिसली नाही. त्यानंतर त्यानं जाकीट छापून घेतलं.

हजरतगंजात तो ड्रोन उडवतच नाही. विधानभवन इथून पायी दहा मिनिटांवर, राज्यपालांचं निवासस्थान तितकंच जवळ. पोलीस आयुक्तालयाच्या जमावबंदीच्या आदेशांत विधानभवन आणि सरकारी कचेऱ्यांच्या एक किलोमीटर परिसरात ड्रोनच्या चित्रीकरणाला मनाई असते. तिथे दोनशे एकोणपन्नास ग्रॅमची मातब्बरी चालत नाही. पोलिसांचे ड्रोन मात्र सणावारी, मिरवणुकांवर फिरतात. त्यांच्या पाठीवर ‘पूछ लीजिए’ लिहिलेलं नसतं.

आणि याच हजरतगंजच्या चौकात मार्च 2020 मध्ये मोठमोठे फलक लागले होते. नागरिकत्व कायद्याविरोधातल्या आंदोलनात नुकसान केल्याचा आरोप असलेल्यांचे फोटो, नावं, पत्ते येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावेत म्हणून. अलाहाबाद उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली, रविवारी सुनावणी केली आणि 9 मार्चला फलक उतरवायला सांगितलं. हा माणसांच्या खासगीपणात नाहक हस्तक्षेप आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 ला सांगून टाकलंच होतं. ज्या शहरानं आपल्या माणसांचे चेहरे चौकात टांगलेले पाहिले, तिथला माणूस डोक्यावरच्या कॅमेऱ्याला भीत असेल तर त्याला अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पोरगा म्हणतो, “जाहिल लोग हैत, ताई.” यावर आमचं जमलं नाही.

त्याला मलिहाबादच्या पलीकडे आमराईवर पसरलेलं धुकं टिपायचं होतं. मी म्हटलं, मी येते. त्याला ते हवंच होतं, बाई बरोबर असली की लोक लगेच अंगावर येत नाहीत, हे त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं.

तिथे त्यानं जे केलं ते उडवण्याच्या निम्म्याहून जास्त वेळ चाललं. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर क्षेत्र हिरवं आहे का पाहिलं, तिथे चारशे फुटांपर्यंत मुभा असते. मग चौकीवर तोंड दाखवलं, ग्रामप्रधानाच्या ओट्यावर बसून चहा घेतला, पोरांना यंत्र हातात दिलं. प्रधानाला त्यानं कागदावर हिशेब मांडून दाखवला : साठ मीटर उंचीवरून चित्रात नव्वद मीटर रुंदीची जमीन येते, चित्राच्या रुंदीत 3840 ठिपके असतात, म्हणजे एक ठिपका सव्वादोन सेंटिमीटरहून थोडा मोठा. माणसाचा चेहरा सात ठिपक्यांत संपतो. नाक कुठे, डोळा कुठे, काही कळायचं नाही. हिशेब बरोबर होता. प्रधानानं मान डोलावली.

प्रधानाच्या आईला मात्र हिशेब नको होता. ती मला हात धरून छतावर घेऊन गेली. वर दोन सुना मटार सोलत होत्या, दोरीवर गोधड्या वाळत होत्या. म्हातारी सांगू लागली, तिच्या माहेरी, लखनौच्या जुन्या मोहल्ल्यात, कुणी पतंग लुटायला वर चढलं तरी आधी ओरडायचं, ‘पर्दा कर लीजिए!’ गवंडी चढला तरी ओरडायचा. बायका आत जायच्या किंवा पदर घ्यायच्या, मग तो चढायचा. “अब ये ऊपर से आता है, बोलता भी नहीं।”

तेवढ्यात तो आलाच. डासासारखी बारीक, चिवट भुणभुण. धुकं विरळ झालं होतं आणि उंचावर एक ठिपका सरकत होता. सरकत होता तोवर काही वाटलं नाही, सुनाही वर बघून हसल्या. मग तो थांबला.

तो काय करतोय हे मला माहीत होतं. वाऱ्यात स्थिर होऊन चौकट जुळवतोय, कॅमेरा आमराईकडे वळलाय, आमच्याकडे नाही. तरी माझा हात ओढणीकडे गेला. धाकटी सून उठून जिन्यात गेली. मटारांचं सूप तिथेच राहिलं. उडणाऱ्याच्या लेखी तो क्षण सगळ्यात निरुपद्रवी, यंत्र काहीच करत नसतं. खालून मात्र ते रोखून बघणं असतं. माणूस गल्लीतून चालत गेला तर कुणी हटकत नाही, दारासमोर उभा राहिला की विचारतात. वजन, उंची, ठिपके या कशाचाच इथे संबंध नव्हता.

खाली येऊन मी हे पोराला सांगितलं. त्याला पटलं नाही. “पर मैं तो बाग देख रहा था,” तो पुन्हा पुन्हा म्हणाला. मग, नेहमीच्या पद्धतीनं, लोकांची भीती घालवायला त्यानं चित्रण म्हातारीला दाखवलं. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात तिचं छत होतं, नखाएवढं. चेहरे खरंच दिसत नव्हते. म्हातारीनं बोट ठेवलं : ही माझी गोधडी, ही थोरली, हिरव्या ओढणीतली ही पाहुणी. आणि ही उठून गेली ती धाकटी. सात ठिपक्यांत तिनं सगळं घर ओळखलं. गावातला कुणीही ओळखेल, असं ती म्हणाली.

पोरगा बराच वेळ पडद्याकडे बघत होता. मग त्यानं ते चित्रण तिच्यासमोरच पुसलं, धुक्यासकट. दुसऱ्यांदा उडवला तो गावाला वळसा घालून, बागेच्या बाजूनं, आणि घरांवर कुठे थांबवला नाही. धुकं तोवर गेलेलं होतं.

निघताना प्रधानानं त्याला बाजूला घेतलं. फेब्रुवारीत मुलीचं लग्न आहे, वरात मोठी येणार, वरून शूटिंग करशील का? लग्नात कुणाला ड्रोनचं भय वाटत नाही. लोक मान वर करून हात हलवतात, नवरदेवाचे मित्र त्याच्याखाली नाचतात, त्याच उंचीवर तोच कॅमेरा असतो. पोरानं पाच हजार सांगितले. प्रधान म्हणाला, “ढाई सौ ग्राम के पाँच हज़ार?”

“दो सौ उनचास,” पोरगा म्हणाला.

साडेतीन हजारांवर तुटलं, जेवण वेगळं. म्हातारीनं आतून एक अट घातली : हळदीच्या दिवशी यायचं नाही, आणि वरातीच्या दिवशी यंत्र वर सोडण्याआधी दाराशी येऊन हाक द्यायची.