‘शूट फॉर द स्टार्स, एम फॉर द मून’
अमेरिकन रॅप गायक पॉप स्मोक (२० जुलै १९९९–१९ फेब्रुवारी २०२०) याचा मरणोत्तर प्रसिद्ध झालेला पहिला गीतसंच. व्हिक्टर व्हिक्टर वर्ल्डवाइड व रिपब्लिक रेकॉर्ड्‌स या संस्थांनी तो ३ जुलै २०२० रोजी प्रकाशित केला. त्यात एकोणीस गीते आहेत. लोकप्रियतेच्या दृष्टीने तो असाधारण यशस्वी ठरला. समीक्षकांचे मत मात्र एकंदरीत अनुकूल असूनही सावध राहिले. या सावधपणामागे गीतांच्या गुणदोषांइतकाच एक मूलभूत प्रश्न होता : ज्या कृतीवरून कर्त्याचा शेवटचा हात फिरलेला नाही, ती कोणाची मानून तिचे मूल्यमापन करावयाचे? नवोदिताच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट होतो. कारण तुलनेसाठी आधीची प्रस्थापित निर्मिती फारशी उपलब्ध नसते.

पॉप स्मोकचे मूळ नाव बशर बराका जॅक्सन. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागातील कनार्सी वस्तीत तो वाढला. त्याची आई जमेकन, तर वडील पनामाचे. २०१९ च्या वसंत ऋतूत प्रसिद्ध झालेल्या ‘वेलकम टू द पार्टी’ या गीताने तो न्यूयॉर्कभर माहीत झाला व त्यानंतर जेमतेम दहा महिनेच तो जगला. या अल्पावधीत त्याने ‘मीट द वू’ (जुलै २०१९) व ‘मीट द वू २’ (फेब्रुवारी २०२०) असे दोन संच प्रसिद्ध केले. हे दोन्ही ‘मिक्सटेप’ या प्रकारात मोडतात. पूर्वी गाण्यांचे असे संच कॅसेटवर ध्वनिमुद्रित करून हातोहात खपविले जात, त्यावरून हे नाव पडले. पुढे कॅसेट गेली व मिक्सटेपही रीतसर विकल्या जाऊ लागल्या. तथापि गायकाचा ‘पहिला गीतसंच’ हा वेगळा मानण्याचा संकेत टिकून राहिला. गायकाने आपली सर्व तयारी पणाला लावून केलेले ते पहिले पूर्ण निवेदन, अशी रसिकांची अपेक्षा असते. पॉप स्मोकला ते निवेदन स्वतः पुरे करता आले नाही, हे या संचाच्या समीक्षेतील वादाचे मूळ होय.

त्याच्या संगीताचे स्वरूप समजल्याशिवाय हा वाद नीट समजत नाही. ‘ड्रिल’ ही रॅपची शाखा २०१० नंतर शिकागोच्या दक्षिण भागात उदयास आली. चीफ कीफ हा तिचा सर्वांत प्रसिद्ध गायक. टोळ्यांतील वैर, मृत मित्रांचे स्मरण व आव्हानाची भाषा हे तिचे विषय आणि संथ, उदास वाद्यमेळ ही तिची खूण. काही वर्षांतच लंडनच्या ब्रिक्स्टन भागातील तरुणांनी ती उचलली. पण तेथील संगीतरचनाकारांनी तीत महत्त्वाचा बदल केला. झांजेचे ठोके त्यांनी अपेक्षित जागेवरून सरकवले आणि खर्जाचा स्वर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरता ठेवला. भारतीय श्रोत्याला त्यावरून मींडेची आठवण व्हावी. मात्र येथे ती गायकाच्या गळ्यात नसून जमीन हादरविणाऱ्या यांत्रिक खर्जात असते. २०१६ च्या सुमारास ब्रुकलिनमधील २२जीझी, शेफ जी इ. गायक या लंडनच्या वाद्यमेळांवर गाऊ लागले. पॉप स्मोकने ८०८मेलो या लंडनच्या रचनाकाराचे वाद्यमेळ आंतरजालावर ऐकले व त्याच्याशी सहकार्य सुरू केले. शिकागोत जन्मलेला, लंडनमध्ये घडलेला हा प्रकार अशा रीतीने पुन्हा अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कचा झाला.

या वाद्यमेळावर पॉप स्मोकचा आवाज उठून दिसला. तो खोल, घोगरा व वयाच्या मानाने विलक्षण प्रौढ होता. शब्दांपेक्षा त्यांमधील हुंकार, गुरगुरणे व अर्धवट उच्चारलेले उद्‌गार यांनीच तो श्रोत्याला पकडीत असे. अनेकांना त्यात क्वीन्स विभागातील ५० सेंट या आधीच्या पिढीतील रॅप गायकाची छाया दिसली. स्वतःच्या शहरात मात्र त्याला मोकळेपणाने गाता आले नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या रोलिंग लाउड संगीतमहोत्सवातून शहर पोलिसांच्या सांगण्यावरून पाच गायकांची नावे वगळण्यात आली, त्यांत तो होता. ‘मीट द वू २’ प्रसिद्ध झाल्यानंतर बाराव्या दिवशी लॉस अँजेल्समधील हॉलीवुड हिल्स येथे तो राहत असलेल्या भाड्याच्या घरात हल्लेखोर शिरले व त्यांनी त्याला गोळ्या घालून ठार मारले. त्या वेळी तो वीस वर्षांचा होता.

मागे राहिलेली ध्वनिमुद्रणे पूर्ण करण्याचे काम त्याचा प्रकाशक स्टीव्हन व्हिक्टर व ५० सेंट यांनी अंगावर घेतले. ५० सेंटचे मूळ आडनावही जॅक्सनच. पण दोघांत नाते नव्हते. कार्यकारी निर्माता या नात्याने ५० सेंटने अन्य गायकांशी बोलणी केली, स्वतःही एका गीतात भाग घेतला. संचात क्वेव्हो, लिल बेबी, डाबेबी, फ्यूचर, रॉडी रिच, स्वे ली, कोलंबियाची कॅरोल जी इ. पाहुणे गायक आहेत. रावडी रेबेल हा ब्रुकलिनचा गायक त्या वेळी तुरुंगात होता. ‘मेक इट रेन’ या गीतातील त्याचे कडवे दूरध्वनीवरून ध्वनिमुद्रित करण्यात आले आहे. संचाचे प्रकाशन जूनमध्ये व्हावयाचे होते. पण २५ मे २०२० रोजी मिनीॲपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड याचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यावर देशभर निदर्शने उसळली व ते पुढे ढकलण्यात आले. त्याच निदर्शनांत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर पॉप स्मोकचे ‘डिओर’ हे गीत पुनःपुन्हा वाजविले गेले. उंची वस्त्रांच्या एका नाममुद्रेवरून बेतलेल्या, राजकारणाशी काडीचाही संबंध नसलेल्या गीताला असे स्थान मिळावे, हे आश्चर्यच होय. वाजविणारे तरुण त्याच्याच वस्त्यांतील होते आणि पोलिसांशी असलेले त्याचे वैर त्यांना ठाऊक होते, एवढे त्याचे स्पष्टीकरण देता येईल.

प्रकाशनापूर्वीच एक वाद उद्‌भवला. मुखपृष्ठ व्हर्जिल ॲब्लो (१९८०–२०२१) या प्रख्यात वेशकल्पकाने तयार केले होते. ते जाहीर होताच चाहत्यांनी ते घाईने उरकलेले व मृताला न शोभणारे आहे असा आक्षेप घेतला, सह्यांचे निवेदन काढले आणि प्रकाशकाला दोनतीन दिवसांत ते बदलावे लागले. काळ्या पार्श्वभूमीवर चंदेरी गुलाब असलेले नवे मुखपृष्ठ आले. ही घटना किरकोळ नाही. कर्ता हयात नसताना त्याच्या वतीने कोणी बोलावयाचे, या प्रश्नावर श्रोत्यांनी समीक्षकांच्या आधीच आपला हक्क सांगितला होता.

समीक्षकांचे एकमत झाले ते आवाजाविषयी. पाहुणे कोणीही असोत, पॉप स्मोक तोंड उघडताच गीत त्याचे होते, असा सर्वसाधारण अभिप्राय होता. मतभेद झाला तो संचाच्या दिशेविषयी. ‘४४ बुलडॉग’ यासारख्या गीतांत मूळचा ड्रिलचा कणखरपणा आहे. परंतु उत्तरार्धात संच मृदू, सुरेल प्रेमगीतांकडे वळतो. ‘व्हॉट यू नो बाऊट लव्ह’ हे गीत जिन्युवाइनच्या ‘डिफरन्सेस’ (२००१) या गीताच्या ध्वनिमुद्रणावर उभे आहे, तर ‘समथिंग स्पेशल’ मध्ये फॅबोलसच्या ‘इंटू यू’ (२००३) चा आधार आहे. ‘द वू’ मध्ये ५० सेंटच्या ‘कँडी शॉप’ (२००५) चे पडसाद आहेत. एका पक्षाला यात गायकाच्या आवाक्याचा विस्तार दिसला : वस्तीतील टोळीगीतांपासून व्यापक लोकप्रिय संगीताकडे जाण्याची त्याची आकांक्षा होती व निकटवर्तीयही तसेच सांगत होते. ब्रुकलिनच्या ड्रिलशी जवळून परिचित असलेल्या दुसऱ्या पक्षाला मात्र हे धार बोथट करणे वाटले. ८०८मेलोचे वाद्यमेळ मागे पडले, त्यांची जागा कोणत्याही यशस्वी संचात चालून जाईल अशा संगीताने घेतली आणि पाहुण्यांच्या गर्दीत यजमान हरवला, असा त्यांचा आक्षेप होता. संच लांबला आहे, या मताशी दोन्ही पक्ष बहुतांशी सहमत होते.

दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु दोन्ही पक्ष एकाच अनुमानावर उभे होते, ते म्हणजे गायकाच्या हेतूविषयीचे अनुमान. प्रेमगीते त्याने स्वतः गायिली आहेत, तेव्हा ती सर्वस्वी प्रकाशकाची कल्पना मानता येत नाहीत. उलट, कोणते गीत ठेवावे, कोणते गाळावे, कोणाचे कडवे कोठे जोडावे, हा निवडीचा अधिकार त्याच्याकडे उरला नव्हता आणि गीतसंचाला व्यक्तिमत्त्व येते ते बव्हंशी या निवडीतूनच. मॅक मिलर याच्या ‘सर्कल्स’ (जानेवारी २०२०) या मरणोत्तर संचाचे स्वागत निःशंकपणे झाले, याचे कारण येथे ध्यानात येते : मिलरचे अनेक संच आधी प्रसिद्ध होते, ‘सर्कल्स’ हा ‘स्विमिंग’ (२०१८) चा जोडसंच म्हणून त्याने योजिला होता आणि तो पूर्ण करणारा जॉन ब्रायन हा त्यावर आधीपासून त्याच्याबरोबर काम करीत होता. नोटोरियस बी. आय. जी. या ब्रुकलिनच्याच गायकाचा ‘लाइफ आफ्टर डेथ’ हा संच मार्च १९९७ मध्ये त्याच्या खुनानंतर सोळा दिवसांनी आला ; पण तो त्याचा दुसरा संच असून त्याच्या हयातीतच सिद्ध झालेला होता. पॉप स्मोकच्या बाबतीत असा एकही आधार नव्हता. समीक्षकांना दोन मिक्सटेपच्या मोजपट्टीने एका अपुऱ्या आयुष्याची दिशा मोजावी लागली.

या दृष्टीने ‘गॉट इट ऑन मी’ हे गीत सर्वांत अस्वस्थ करणारे आहे. त्यात पॉप स्मोक ५० सेंटच्या ‘मेनी मेन’ (२००३) या गीताचे धृपद आपल्या सुरात आळवतो. मूळ गीत २००० मध्ये नऊ गोळ्या लागूनही वाचलेल्या माणसाचे आहे. ते गाणारा दुसरा वाचला नाही, आणि वाचलेला त्याच्या संचाचा कार्यकारी निर्माता आहे. गीत ध्वनिमुद्रित होताना त्यात उसनी ऐट असेल. ऐकणाऱ्याला मात्र ते विलापासारखे ऐकू येते. संगीत तेच राहून अर्थ बदलला, आणि हा बदल कर्त्याच्या खाती जमा करावा की मृत्यूच्या, हे ठरविणे अवघड आहे. काही समीक्षणांतील मवाळ सूर या अवघडलेपणातून आलेला दिसतो. नुकत्याच मारल्या गेलेल्या मुलाच्या संचाला सुमार म्हणणे सोपे नसते.

श्रोत्यांना असा संकोच पडला नाही. संच बिलबोर्डच्या गीतसंचांच्या सूचीत २,५१,००० प्रतींएवढ्या खपासह प्रथम क्रमांकावर दाखल झाला व ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा त्या स्थानी पोहोचला. या प्रतिगणनेत प्रत्यक्ष विक्रीबरोबरच आंतरजालावरील श्रवणाचेही रूपांतर धरलेले असते. समीक्षकांनी नाके मुरडलेली ‘व्हॉट यू नो बाऊट लव्ह’ सारखी प्रेमगीतेच पुढे दीर्घकाळ ऐकली गेली. गायकाच्या एकविसाव्या जन्मदिनी, २० जुलै रोजी, आणखी गीतांसह वाढीव आवृत्ती निघाली. ‘संच आधीच लांब’ या आक्षेपाला ते उत्तर म्हणता येणार नाही. मार्च २०२१ च्या ग्रॅमी पुरस्कारांत रॅप गीतसंचाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले नाही. नामांकन मिळाले ते ‘डिओर’ ला, म्हणजे हयातीत प्रसिद्ध झालेल्या व या संचात केवळ पुरवणी म्हणून जोडलेल्या गीताला. याउलट, लोकप्रियतेच्या मापांवर दिल्या जाणाऱ्या बिलबोर्ड पुरस्कारांत मे २०२१ मध्ये तो वर्षातील अग्रगण्य संच ठरला व तो पुरस्कार गायकाच्या आईने स्वीकारला.

जुलै २०२१ मध्ये ‘फेथ’ हा दुसरा मरणोत्तर संच आला. तोही प्रथम क्रमांकावर गेला. पण समीक्षकांनी या वेळी हात आखडता घेतला नाही. त्रोटक तुकडे ताणून, डुआ लिपापासून कान्ये वेस्टपर्यंत पाहुण्यांची भरती करून तो सिद्ध केला असल्याची टीका झाली. त्याच्या शेजारी ठेवल्यावर पहिला संच अधिक एकसंध व गायकाच्या अधिक जवळचा वाटतो. २०२० मध्ये पाहुण्यांची गर्दी म्हणून जे खटकले होते, त्यामध्येही यजमानाची कडवी पूर्ण होती, हे ‘फेथ’ ऐकल्यानंतर स्पष्ट होते.