छायाचित्र दालनाची किल्ली कोणाकडे?

धर्मग्रामाचा सण पार पडलेला असतो. मिरवणूक, पवित्र मिस्सा व सांस्कृतिक कार्यक्रम यांची छायाचित्रे संकेतस्थळावर घालावयाची म्हणून युवा संघातील एखादा कार्यकर्ता रात्री संगणकासमोर बसतो. नाव आणि पासवर्ड देऊन तो आत शिरतो, परंतु छायाचित्र दालनाचा पर्यायच त्याला दिसत नाही. दिसलाच तर 'हे पान उघडण्याची आपणास परवानगी नाही' अशा अर्थाचा संदेश पडद्यावर उमटतो. कंटाळून तो संकेतस्थळाची व्यवस्था पाहणाऱ्या ज्येष्ठ कार्यकर्त्याला दूरध्वनी करतो. पलीकडून सोपा उपाय सुचविला जातो, "माझ्याच नावाने आत जा, हा घे पासवर्ड." छायाचित्रे त्याच रात्री झळकतात आणि प्रश्न सुटला असे सर्वांना वाटते.

वस्तुतः प्रश्न सुटलेला नसतो, तो केवळ झाकलेला असतो. ज्याला दहा छायाचित्रे चढवावयाची होती, त्याच्या हाती आता संपूर्ण संकेतस्थळ पुसून टाकण्याचा अधिकार आलेला असतो. ही वेळ येऊ नये म्हणून परवानगीची अडचण नेमकी कोठे असते आणि ती क्रमाने कशी सोडवावी, हे समजून घेऊ. उदाहरणासाठी आपण वर्डप्रेस ही प्रणाली व तिला जोडली जाणारी नेक्स्टजेन गॅलरी घेऊ. इतर प्रणालींत नावे निराळी असली तरी विचार करण्याची रीत हीच आहे.

दोन दारे, दोन कुलुपे

छायाचित्र दालनाला दोन दारे असतात. पहिले दार संकेतस्थळाचे. आत आलेली व्यक्ती कोण आहे आणि तिला काय करण्याची मुभा आहे, हे तेथे ठरते. दुसरे दार सर्व्हरचे, म्हणजे संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले आहे त्याचे. तेथील फोल्डरमध्ये नवीन फाइल लिहिता येईल की नाही, हे तेथे ठरते. पहिले दार उघडे आणि दुसरे बंद, किंवा याच्या उलट, अशी स्थिती असू शकते. बहुतेक गोंधळ ही दोन दारे वेगळी आहेत हे ध्यानात न घेतल्याने होतो.

प्रथम लक्षण ओळखा

कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी अडचण आलेल्या व्यक्तीला तीन प्रश्न विचारावेत. आपण कोणत्या नावाने आत गेला आहात? काय करीत असताना अडथळा आला? पडद्यावरील संदेशात नेमके कोणते शब्द आहेत? यातून पुढील चित्र स्पष्ट होते.

१. दालनाचा पर्याय दिसतच नाही, अथवा परवानगी नसल्याचा संदेश येतो: पहिले दार बंद आहे.

२. स्वतः तयार केलेला संग्रह उघडतो, परंतु दुसऱ्याने तयार केलेला उघडत नाही: पहिले दार अर्धवट उघडे आहे.

३. सर्व पर्याय दिसतात, परंतु छायाचित्र चढविताना फोल्डरमध्ये लिहिता येत नसल्याचा संदेश येतो: दुसरे दार बंद आहे.

४. लहान छायाचित्र चढते, मोठे चढत नाही: ही परवानगीची अडचणच नव्हे. सर्व्हरने ठरविलेली फाइलच्या आकाराची मर्यादा ओलांडली गेली आहे. छायाचित्र लहान करून पुन्हा प्रयत्न करावा.

पहिले दार: भूमिका आणि अधिकार

वर्डप्रेसमध्ये प्रत्येक व्यक्तीला एक भूमिका दिलेली असते. 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणजे प्रशासक, त्याला सर्व अधिकार असतात. 'एडिटर' इतरांचेही लेख सुधारू शकतो. 'ऑथर' स्वतःचे लेख प्रसिद्ध करू शकतो व छायाचित्रे चढवू शकतो. 'कॉन्ट्रिब्यूटर' लेख लिहू शकतो, पण तो प्रसिद्ध करू शकत नाही आणि मूळ मांडणीत त्याला छायाचित्रही चढविता येत नाही. 'सबस्क्रायबर' हा केवळ सभासद-वाचक. अनेक ठिकाणी नव्या कार्यकर्त्याला 'कॉन्ट्रिब्यूटर' केले जाते आणि मग त्याला छायाचित्रे का चढविता येत नाहीत, याचा शोध सुरू होतो. तेव्हा भूमिका सर्वप्रथम तपासावी.

भूमिका योग्य असूनही दालन उघडत नसेल, तर नेक्स्टजेनच्या स्वतःच्या सेटिंग्जकडे वळावे. तेथे भूमिका व अधिकार यांसाठी स्वतंत्र पान आहे. दालनाचा आढावा पाहणे, नवीन संग्रह तयार करून छायाचित्रे चढविणे, संग्रहाची व्यवस्था पाहणे, इतरांच्या संग्रहांची व्यवस्था पाहणे, अल्बमची मांडणी बदलणे, सेटिंग्ज बदलणे असे अधिकार तेथे वेगवेगळे मांडलेले असतात. प्रत्येक अधिकारापुढे तो किमान कोणत्या भूमिकेपासून मिळावा हे निवडावयाचे असते. 'ऑथर' निवडले की 'ऑथर' आणि त्याच्या वरच्या सर्व भूमिकांना तो अधिकार मिळतो. ही जोडणी नव्याने बसविल्यावर हे अधिकार प्रारंभी प्रशासकाकडेच असतात. म्हणूनच प्रशासकाला सर्व काही सुरळीत दिसते आणि 'मला तर काही अडचण येत नाही' असे उत्तर तो प्रामाणिकपणे देतो.

दुसऱ्याचा संग्रह न उघडण्याचे कारणही येथेच सापडते. स्वतःचा संग्रह व इतरांचा संग्रह हे दोन निराळे अधिकार आहेत. सणाचा संग्रह एकाने सुरू केला आणि उरलेली छायाचित्रे दुसऱ्याला घालावयाची असतील, तर दुसऱ्याकडे इतरांच्या संग्रहांची व्यवस्था पाहण्याचा अधिकार हवा.

आणखी एक बाब. हे पान वर्डप्रेसच्या नेहमीच्या भूमिकाच ओळखते. आपण 'छायाचित्रकार' अशी नवी भूमिका तयार केली असेल, तर तिला 'युजर रोल एडिटर' किंवा 'मेंबर्स' यांसारख्या जोडणीतून अधिकार द्यावे लागतात. बदल केल्यानंतर संबंधित व्यक्तीने बाहेर पडून पुन्हा आत यावे आणि खात्री करावी.

दुसरे दार: सर्व्हरवरील फोल्डर

दुसरे दार बंद आहे का, हे पाहण्याची एक सोपी चाचणी आहे. एक लहान छायाचित्र वर्डप्रेसच्या नेहमीच्या मीडिया विभागात चढवून पाहावे. ते 'अपलोड्स' या फोल्डरमध्ये जाते, तर नेक्स्टजेनची छायाचित्रे सामान्यतः 'गॅलरी' या वेगळ्या फोल्डरमध्ये जातात. पहिले यशस्वी झाले आणि दुसरे अडले, तर दोष 'गॅलरी' फोल्डरच्या परवानगीत असण्याची शक्यता मोठी.

ही परवानगी तीन अंकांनी दर्शविली जाते. वाचण्यास ४, लिहिण्यास २ आणि प्रवेशास १ असे मूल्य असते. पहिला अंक मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा व तिसरा इतर सर्वांचा. फोल्डरला सामान्यतः ७५५ असावे, म्हणजे मालकाला सर्व अधिकार आणि इतरांना केवळ वाचन व प्रवेश. फाइलला ६४४ पुरेसे असते. छायाचित्रे चढली आहेत, परंतु कोणालाच दिसत नाहीत, अशा वेळीही हे अंक पाहावेत.

अनेक जण येथे ७७७ हा अंक घालण्याचा सल्ला देतात. छायाचित्रे त्याने चढतातही. पण ७७७ म्हणजे त्या सर्व्हरवरील कोणालाही तेथे लिहिण्याची मुभा. एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे नांदत असतात, हे विसरून चालणार नाही. ७५५ असूनही काम होत नसेल, तर फोल्डरचा मालकच चुकीचा नोंदलेला असू शकतो. संकेतस्थळ एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविल्यानंतर असे घडते. जागा पुरविणाऱ्या कंपनीला तसे कळवून मालकी दुरुस्त करून घ्यावी.

बालकांची छायाचित्रे

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्या दालनात प्रथम कम्युनियन घेणारी बालके असतात, धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले असतात. 'तो अल्बम फक्त सभासदांना दिसतो' असे आपण पालकांना सांगतो. हे पूर्ण सत्य नसते. वर्डप्रेसमध्ये एखाद्या पानाला पासवर्ड लावला तर ते पान झाकले जाते, परंतु त्यातील छायाचित्राची फाइल झाकली जात नाही. त्या फाइलचा थेट पत्ता ज्याच्या हाती पडेल, त्याला ती पासवर्डविना उघडता येते. याची प्रचिती घ्यावयाची असल्यास छायाचित्राचा पत्ता उतरवून घ्यावा, संकेतस्थळातून बाहेर पडावे आणि तो पत्ता ब्राउझरच्या खाजगी खिडकीत टाकून पाहावा.

म्हणून जे छायाचित्र जगाने पाहू नये असे आपणास वाटते, ते संकेतस्थळावर चढवूच नये. मुलांची छायाचित्रे घालण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी आणि छायाचित्राखाली मुलांची पूर्ण नावे देणे टाळावे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची तरतूद आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, पालकांनी आपल्यावर टाकलेला विश्वास हेच पुरेसे कारण आहे.

किल्ली देणे आणि परत घेणे

चर्चमध्ये सर्व किल्ल्या सर्वांकडे नसतात. दाराची किल्ली एकाकडे, सॅक्रिस्टीची दुसऱ्याकडे. टॅबरनॅकलची किल्ली अत्यंत काळजीपूर्वक सांभाळली जावी, असे तर ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदासंहितेतील ९३८ वा नियमच सांगतो. त्यात कोणावर अविश्वास नसतो. ज्याचे जेवढे काम, तेवढी त्याची किल्ली. संकेतस्थळालाही हाच न्याय लावावा.

प्रत्येक कार्यकर्त्याला स्वतंत्र नाव व पासवर्ड असावा. प्रशासक एक किंवा दोनच असावेत आणि त्यांची नावे प्रमुख धर्मगुरूंना ठाऊक असावीत. शिक्षण वा नोकरीनिमित्त एखादा कार्यकर्ता दूर गेला, तर त्याचे आभार मानावेत आणि त्याची भूमिका 'सबस्क्रायबर' करावी. त्याचे जुने काम त्यामुळे जागच्या जागी राहते. आगमनकाळात ख्रिस्तसभेचे नवे उपासना वर्ष सुरू होते, तेव्हा ही यादी वर्षातून एकदा तपासण्याचा प्रघात पाडता येईल.

सामाजिक संपर्कमाध्यमांसाठीच्या परमधर्मपीठीय मंडळाने २२ फेब्रुवारी २००२ या तारखेचा 'ख्रिस्तसभा आणि इंटरनेट' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे सद्गुण या माध्यमाच्या वापरातही हवेत, असे त्यात म्हटले आहे. घाईच्या रात्री आपला पासवर्ड दुसऱ्याला देण्याऐवजी पाच मिनिटे थांबून त्याला योग्य अधिकार देणे, हा त्याच विवेकाचा एक छोटा भाग आहे. पुढच्या सणापूर्वी आपल्या धर्मग्रामाच्या संकेतस्थळाची यादी एकदा उघडून पाहावी, ही सर्व कार्यकर्त्यांना नम्र विनंती.