परमुलखांतील वसतिगृहसेविका



दिवाळीची सुटी संपली कीं नरखेडच्या स्टेशनावर एक दृश्य दरवर्षीं पाहावयास मिळतें. अंबिया बहाराचीं संत्रीं झाडांवरून उतरूं लागलेलीं असतात. नागपूरला शिकावयास ठेवलेलीं मुलें फराळाचा डबा व संत्र्यांची पिशवी घेऊन गाडीची वाट पाहत उभीं असतात, आणि जवळ उभ्या असलेल्या आया त्यांना पुन्हां पुन्हां त्याच सूचना देत असतात. गाडी हालली म्हणजे पदर डोळ्यांस लागतो. त्या वेळीं आईच्या मनांत जो प्रश्न असतो तो परीक्षेचा नसतो. 'रात्रीं ह्याला ताप भरला तर उठेल कोण?' एवढाच तो साधा प्रश्न असतो.

ह्या प्रश्नाचें उत्तर म्हणून जी व्यक्ति वसतिगृहांत राहते, तिच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. शिक्षकांविषयीं पुष्कळ बोललें जातें; मुलांच्या निजावयाच्या खोलीशेजारीं जिची खाट असते, त्या सेविकेविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. ख्रिस्ती मिशनांच्या निवासी शाळांत ही सेविका पुष्कळदां परदेशांतून आलेली असते. मुलें घर सोडून आलेलीं, आणि त्यांना घराची ऊब देण्याचें काम जिच्याकडे, तीही घर सोडून आलेली. असा हा चमत्कारिक योग असतो.

अशा शाळा आजही जगांत ठिकठिकाणीं आहेत. १९५६ सालीं निघालेली व जर्मनींत कांडर्न नांवाच्या गांवीं असलेली ब्लॅक फॉरेस्ट ॲकॅडमी, केनियांत किजाबे येथें १९०६ सालीं निघालेली रिफ्ट व्हॅली ॲकॅडमी, आणि आपल्या देशांत मसुरीजवळ लंढोर येथील १८५४ सालची वुडस्टॉक शाळा, हीं त्यांपैकीं कांहीं नांवें. मिशनरी आईबापें जेथें काम करीत तेथें त्यांच्या मुलांच्या भाषेंतील शाळा क्वचितच असे. ह्या गरजेंतून अशा बहुतेक शाळा वाढल्या. पुढें त्यांत इतरांचीं मुलेंही येऊं लागलीं. तेथें वसतिगृहावर मुख्य जबाबदारी एखाद्या दांपत्याकडे वा मेट्रनकडे असते, आणि त्यांच्या हाताखालीं तरुण सहाय्यक असतात. मुलांना उठविणें, न्याहारीला बसविणें, संध्याकाळीं अभ्यासावर लक्ष ठेवणें, औषधाचा डोस चुकूं न देणें, भांडणें मिटविणें आणि ठरल्या वेळीं दिवे मालविणें, हें त्यांचें काम. ह्या सहाय्यकांना कित्येक ठिकाणीं पगारही नसतो. ते आपापल्या मंडळींतून वर्गणी जमवून आपला खर्च चालवितात. शाळा सुटली कीं शिक्षक मोकळा होतो. त्याच वेळीं ह्यांचें खरें काम सुरू होतें.

परंतु ह्या कामाची खरी कठीण बाजू वेळापत्रकांत दिसत नाहीं. ती समजून घेण्यास महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाहीं. पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहिलें म्हणजे पुरे. रमाबाई हें जीवन दोन्ही बाजूंनीं जगल्या. प्रथम परक्यांच्या आश्रयास राहून, आणि पुढें हजारों मुलींना आश्रय देऊन.

१८८३ सालीं रमाबाई आपली लहानगी मुलगी मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत ह्यांच्यासह इंग्लंडला गेल्या. तेथें वाँटेज गांवीं सेंट मेरीच्या धर्मभगिनींच्या मठांत त्यांची सोय झाली. भगिनी प्रेमळ होत्या, ह्यांत शंका नाहीं. पण प्रेमाबरोबर शिस्तही होती, आणि शिस्त त्यांच्या देशाची होती. रमाबाईंनीं त्याच वर्षीं बाप्तिस्मा घेतला, तरी आपला शाकाहार सोडला नाहीं. अन्नासारख्या बाबींत आपले जुने आचार त्या कां धरून ठेवतात, हें यजमानांना उलगडत नव्हतें. आणि धर्म बदलला म्हणून ताटही बदललें पाहिजे असें कां, हें रमाबाईंना पटत नव्हतें. आनंदीबाई भगत ह्यांनीं तर त्याच वर्षीं तेथें आत्महत्या केली. त्या घटनेचा निवाडा करणें हें ह्या भाषणाचें काम नव्हे. पण सर्व बाजूंनीं सदिच्छा असतांही परक्या घरांत माणूस किती एकाकी पडूं शकतो, ह्याची ती दुःखद साक्ष आहे, आणि वसतिगृह चालविणाऱ्या कोणीही ती विसरूं नये. रमाबाई पुढें चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयांत गेल्या तेव्हां छोटी मनोरमा वाँटेजच्या भगिनींकडेच राहिली. म्हणजे आईपासून दूर, परक्या बायकांच्या हाताखालीं वाढणें काय असतें, हें ह्या मायलेकींनीं आपल्या घरांतच पाहिलें होतें.

आतां दुसरी बाजू पाहूं. ११ मार्च १८८९ रोजीं रमाबाईंनीं मुंबईस शारदासदन काढलें व पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेलें. ह्या सदनांत धर्माच्या बाबतींत सक्ति नसावी असें ठरलें होतें. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडें ठेवून करीत, आणि कांहीं मुली आपण होऊन तेथें बसूं लागल्या. त्यावरून मोठें वादळ उठलें. १८९३ सालीं रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं संबंध सोडला आणि कित्येक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. कोणाचें चुकलें हा वाद आजही संपलेला नाहीं. मला त्यांतून एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, वसतिगृहांत राहणाऱ्या मोठ्या माणसाची सत्ता फार मोठी असते. शब्दानें कांहीं न सांगतां, केवळ त्याच्या जवळ असण्यानें, मूल त्याच्याकडे ओढलें जातें. जी दुखण्यांत उशाशीं बसते, तिचा देव मुलाला खरा वाटूं लागतो. म्हणून सेविका कोणत्याही धर्माची असो, मुलाच्या एकटेपणाचा आपण उपयोग तर करीत नाहीं ना, हें तिनें स्वतःला वारंवार विचारलें पाहिजे.

१८९६–९७ चा दुष्काळ पडला तेव्हां रमाबाई मध्य प्रांतांत गेल्या. आपला नागपूर जिल्हा त्या वेळीं त्याच प्रांतांत होता व नरखेड काटोल तहसिलींत मोडत होतें. लहानपणीं उपासमारींत स्वतःचे आईबाप गमावलेल्या ह्या बाईंनीं त्या प्रांतांतून सुमारे ३०० मुली व स्त्रिया वांचवून आणल्या. पुण्यांत प्लेगाचे निर्बंध होते. तेव्हां त्यांना केडगावच्या शेतावर नेण्यांत आलें, आणि तेथेंच मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजारांवर गेली. एवढ्या मुलींना सांभाळणार कोण? शारदासदनांतल्या जुन्या मुली पुढें आल्या. काल ज्यांना कोणी सांभाळलें होतें, त्या आज धाकट्यांच्या पाठराखीण झाल्या. त्यांच्या जोडीला परदेशांतून आलेल्या स्त्रियाही होत्या.

त्यांपैकीं मिनी एब्रम्स ही अमेरिकन बाई १८८७ सालीं मुंबईस आली व मेथॉडिस्ट मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगाच्या कामास लागली. मराठी शिकून १८९८ सालीं ती मुक्तीला आली. १९१२ सालीं ती वारली तीही हिंदुस्थानांतच. येथें मला महत्त्वाचें वाटतें तें तिचें मराठी शिकणें. दिवसां वर्गांत मोडकें-तोडकें बोलून भागतें. पण मध्यरात्रीं रडत उठलेलें मूल परकी भाषा बोलत नाहीं. 'पोटांत कसंसंच होतंय' ह्या शब्दांचा अर्थ कोणत्याही कोशांत पाहून कळणारा नाहीं. तो ज्या सेविकेला कळला, ती त्या घरची झाली.

आणि भाषा म्हणजे केवळ शब्द नव्हेत. उपासमार सोसलेलें मूल भाकरीचा तुकडा उशाखालीं लपवितें. त्याला चोर म्हणावयाचें कीं त्याची भीति ओळखावयाची? घरून परत आलेलें मूल दोन दिवस कोणाशीं बोलत नाहीं. त्याला हट्टी म्हणावयाचें कीं वाट पाहावयाची? ह्या गोष्टी नियमांच्या पुस्तकांत मिळत नाहींत. परदेशांतून आलेल्या सेविकेस त्या समजण्याची एक संधि मात्र असते. तिलाही घराची आठवण येते, तिलाही येथलें जेवण रुचत नाहीं, तिचींही पत्रें उशिरां पोहोंचत. आपलें हें दुःख तिनें लपवून वर शिस्तीचा मुखवटा चढविला तर ती केवळ पहारेकरी होते. पण त्याच दुःखाच्या अनुभवानें तिनें मुलाचें मन ओळखलें, तर परकेपणच तिच्या उपयोगी पडतें. मनोरमाबाईंचें उदाहरण ह्या दृष्टीनें बोलकें आहे. परदेशीं वाढलेली, शिकलेली ही मुलगी परत आली ती आईच्या कामांत शिरली, आणि मुक्तीमधील अंध मुलींना तिनें ब्रेल लिपि शिकविली. १९२१ सालीं ती गेली, आणि पुढच्याच वर्षीं रमाबाईही गेल्या.

आज वारा उलट दिशेनेंही वाहतो. आपल्याकडच्या तरुण मुली परिचर्येसाठीं, शिक्षणासाठीं परदेशीं जातात; एखादीला तेथल्या वसतिगृहांत मुलांबरोबर राहण्याचें कामही मिळेल. तिनें जातांना सामानांत काय न्यावें हें सांगणारे पुष्कळ भेटतील. मी एवढेंच सांगेन कीं, तेथें पोहोंचल्यावर मुलांना आपल्या संवयी लावण्यापूर्वीं त्यांच्या संवयी शिकून घे. कोणतें मूल अंधाराला भितें, कोणाला कोणत्या दिवशीं घरचा फोन येतो, कोण जेवतांना पानांत टाकतें, हें पहिल्या महिन्यांत पाहून ठेव. त्यांची आई होऊं पाहूं नको. आई त्यांना आहे. आई येईपर्यंत जागें राहणारें माणूस हो.

आणि जीं आईबापें आपलें मूल वसतिगृहांत ठेवणार आहेत त्यांनीं शाळेचा निकाल, इमारत, मैदान हें सारें जरूर पाहावें. पण परत निघण्यापूर्वीं एक प्रश्न न संकोचतां विचारावा: 'रात्रीं मुलांजवळ कोण असतें?' ज्या शाळेला त्याचें उत्तर नांवानिशीं देतां येतें, आणि तें माणूस बोलावून समोर उभें करतां येतें, तेथें मूल ठेवून नरखेडची गाडी धरावयास हरकत नाहीं.