उशीर झाला म्हणून वाचले

एका गुन्ह्यासाठी तीन माणसं दोषी ठरली. उत्तर प्रदेशातल्या एका कुटुंबातल्या चौघांचा खून. तिघांचा दोष सारखा ठरला, तिघांनाही फाशीची शिक्षा झाली. पुढे ते वेगवेगळ्या वेळी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्यांचे अर्ज वेगवेगळ्या खंडपीठांपुढे आले. १९७६ साली पहिल्याचा अर्ज फेटाळला गेला. १९७७ साली दुसऱ्याची फाशी जाऊन जन्मठेप आली. १९७८ साली तिसऱ्याचा, म्हणजे हरबंस सिंगचा, अर्ज फेटाळला गेला. आपल्याच न्यायालयाने वर्षभरापूर्वी त्याच्या साथीदाराची फाशी रद्द केली आहे, हे त्या खंडपीठाला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याला ६ ऑक्टोबर १९८१ रोजी फासावर चढवलं. हरबंस सिंगची तारीखही तीच होती, पण त्याने ऐन वेळी पुन्हा कोर्टाचं दार ठोठावलं आणि स्थगिती मिळाली.

१९८२च्या फेब्रुवारीत निकाल आला तेव्हा सरन्यायाधीश होते आपल्या पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णु चंद्रचूड. हरबंस सिंगची शिक्षा कमी करावी अशी शिफारस न्यायालयाने राष्ट्रपतींकडे केली. शिवाय तुरुंग अधीक्षकांसाठी एक सूचना दिली: कुणालाही फासावर देण्यापूर्वी त्याच गुन्ह्यातल्या दुसऱ्या कुणाची शिक्षा कमी झाली आहे का, हे आधी तपासून बघा. एवढी साधी गोष्ट सांगावी लागली, आणि ती सांगेपर्यंत एक माणूस गेलेला होता.

हा खटला पहिल्यांदा वाचला तेव्हापासून मृत्युदंडाच्या कायद्याकडे मी थक्क होऊन बघत आलो आहे. इतकी अखेरची, इतकी न परतणारी शिक्षा, आणि तिच्या वाटेवर इतके फाटे! आश्चर्य वाटतं ते या सगळ्या यंत्रणेत काळ जे काम करतो त्याचं. शिक्षा सुनावल्यापासून ती अमलात येईपर्यंतचा जो काळ आहे, तोच मृत्युदंडाचा खरा मुलूख आहे. माणसं तिथे दहा-दहा, वीस-वीस वर्षं राहतात.

आधी कायदा कसा फिरला ते बघा. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खुनाला फाशी हा जवळपास नियम होता. न्यायाधीशाने फाशी दिली नाही, तर का दिली नाही याची कारणं त्याला लिहावी लागत. १९५५ साली ही अट निघाली. १९७३च्या संहितेने तर गाडी पूर्ण उलटी वळवली: जन्मठेप हा नियम, आणि फाशी द्यायची तर ‘विशेष कारणं’ नोंदवायची. कारण सांगायचं ओझं या बाजूचं त्या बाजूला गेलं, आणि त्याचा बोभाटाही फारसा झाला नाही. १९८० साली बच्चन सिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशी घटनात्मक ठरवली, पण ती ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणांतच द्यावी असं बजावलं. गुन्हा किती भीषण एवढंच बघायचं नाही, गुन्हेगारही बघायचा; तो सुधारणार नाही हे सरकारने दाखवायचं. न्या. पी. एन. भगवती यांनी एकट्याने विरोधी मत दिलं. कोणत्या खंडपीठापुढे प्रकरण येतं यावर माणसाचा जीव अवलंबून राहतो, हा त्यांचा एक मुख्य आक्षेप होता. त्यांच्या मताची कारणं १९८२ साली प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी जेव्हा हरबंस सिंगचा निकाल आला. योगायोग म्हणावा, तर फारच बोलका.

सत्र न्यायालयाने फाशी सुनावली म्हणजे फाशी झाली, असं आपण बातमी वाचताना समजतो. तसं नाही. आरोपीने अपील केलं नाही तरी ती शिक्षा उच्च न्यायालयाकडे शिक्कामोर्तबासाठी जातेच जाते. तिथे पुरावा पुन्हा पहिल्यापासून तपासला जातो. मग सर्वोच्च न्यायालय, मग पुनर्विचार याचिका, राज्यपालांकडे दयेचा अर्ज, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. या चाळणीतून काय गळतं आणि काय उरतं? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली एक मोठा अहवाल काढला. २००० नंतरच्या दीड दशकातल्या ज्या प्रकरणांचा शेवट त्यांना शोधता आला, त्यांत खालच्या कोर्टाने दिलेली फाशी अखेरपर्यंत टिकली ती शंभरातल्या जेमतेम पाचांची. सुमारे पासष्ट जणांची शिक्षा कमी झाली. आणि जवळजवळ तीस जण निर्दोष सुटले. फाशी सुनावलेल्या दहांतले तीन निर्दोष! हा आकडा मी कितीदा तरी पुन्हा वाचला आहे, आणि दर वेळी त्यावरून पुढे सरकायला वेळ लागतो. त्याच अहवालाच्या वेळी फाशीच्या कैद्यांशी बोलल्यावर त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुबळे निघाले.

आता त्या मुलखात शिरू. महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय दोन कारागृहांत आहे, पुण्याचं येरवडा आणि नागपूरचं मध्यवर्ती. तिथल्या वेगळ्या विभागाला सगळे ‘फाशी यार्ड’ म्हणतात. १८९४चा तुरुंग कायदा सांगतो की मृत्युदंडाच्या कैद्याला इतरांपासून वेगळ्या कोठडीत, रात्रंदिवस पहाऱ्यात ठेवावं. म्हणजे शिक्षा सुनावली त्या दिवसापासून एकांतवास. १९७८ साली तिहारमधल्या सुनील बत्रा याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने इथे मोठी गोष्ट केली. न्यायालय म्हणालं, अपील आणि दयेचे सगळे मार्ग संपून शिक्षा पक्की होईपर्यंत या माणसाला हे कलम लागूच होत नाही. तोवर त्याला चार माणसांपासून तोडता येणार नाही. नुसत्या अर्थ लावण्याने एका कोठडीचं दार उघडलं! तरीही निर्णय कागदावर असणं आणि यार्डात पोचणं यात अंतर राहतं. फाशी यार्डातल्या कैद्याला सहसा काम मिळत नाही. पॅरोल नाही. जन्मठेपेचा कैदी सुतारकामात, शेतीत, मुदपाकखान्यात दिवस काढतो, थोडी मजुरी कमावतो, किती वर्षं राहिली ते बोटांवर मोजतो. फाशीच्या कैद्याकडे मोजायला काही नसतं. त्याचा दिवस रिकामा, आणि त्या रिकाम्या दिवसाच्या टोकाला कुठेतरी एक तारीख, जी त्याला माहीत नाही.

मग प्रश्न आला: असं किती वर्षं ठेवता येईल? १९८३च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने म्हटलं, दोन वर्षांहून जास्त विलंब झाला तर फाशी रद्द व्हायला हवी. मार्चमध्ये दुसऱ्या खंडपीठाने, पुन्हा चंद्रचूड यांच्याच, म्हटलं की असा ठरावीक दोन वर्षांचा नियम करता येणार नाही. महिना-सव्वा महिन्याच्या अंतराने एकाच न्यायालयाची दोन उत्तरं. १९८९ साली पाच न्यायमूर्तींनी हा घोळ मिटवला: मुदत ठरवता येत नाही, पण न्यायालयीन मार्ग संपल्यानंतरचा अवाजवी विलंब विचारात घ्यावाच लागेल. आणि २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. कारण त्यांतल्या बहुतेकांचे दयेचे अर्ज वर्षानुवर्षं पडून होते. अर्ज फेटाळल्याचं कैद्याला आणि त्याच्या कुटुंबाला कळवायलाच हवं, आणि त्यानंतर फाशीपूर्वी किमान चौदा दिवस द्यायला हवेत, हेही तिथेच ठरलं. वर्षभर आधी दिल्लीत संसदेवरच्या हल्ल्याच्या खटल्यातल्या अफझल गुरूला फाशी दिली, तेव्हा कुटुंबाला कळवणारं स्पीड पोस्टचं पत्र काश्मीरमध्ये पोचलं ते फाशीनंतर.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं आहे. २००७ साली एका बीपीओ कंपनीत काम करणाऱ्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. घरी न्यायला-आणायला असलेल्या टॅक्सीचा चालक आणि त्याचा साथीदार दोषी ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली फाशी कायम केली. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज २०१७ साली फेटाळला. पण फाशीचं वॉरंट निघालं २०१९च्या एप्रिलमध्ये! जूनची तारीख ठरली, आणि त्याआधी दोघे मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने उशीर मोजला: चार वर्षांहून जास्त. १,५०९ दिवस. त्या उशिरासाठी फाशी रद्द करून पस्तीस वर्षांची कैद दिली, आणि २०२४च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. त्या मुलीच्या आईवडिलांना हे ऐकताना काय वाटलं असेल, याची मला कल्पना करवत नाही. त्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं. फाईल टेबलावर पडून राहिली ती सरकारची.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की उपाय सोपा आहे: उशीर काढून टाका. लवकर निकाल, लवकर फाशी. मलाही हा युक्तिवाद बळकट वाटला असता, जर नाशिकचं प्रकरण घडलं नसतं.

२००३च्या जूनमध्ये नाशिक जिल्ह्यात पेरूच्या बागेतल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जण मारले गेले, बलात्कार झाले. आई आणि मुलगा वाचले. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. चाळणीच्या तिन्ही जाळ्या पार झाल्या होत्या. राहिला होता फक्त दयेचा अर्ज आणि वॉरंट.

मग काही गोष्टी एकेक करून बाहेर आल्या. सहांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे सिद्ध झालं. २००९च्या निकालाने ज्या जुन्या निवाड्याचा आधार घेतला होता तो बच्चन सिंगच्या विरोधात जाणारा असल्याचं सर्वोच्च न्यायालयानेच दुसऱ्या एका खटल्यात म्हटलं. २०१२ साली चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्र लिहून अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या कैद्यांची शिक्षा कमी करण्याची विनंती केली. २०१८ साली न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन अपिलं पुन्हा ऐकली. आणि तेव्हा कागदपत्रांत जे दिसलं ते थरकाप उडवणारं आहे. वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार माणसं ओळखली होती. या सहांतला त्यात कुणीच नव्हता. त्या चौघांचा तपास पुढे नेलाच नाही, आणि ही माहिती खटल्यात दडवली गेली. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षांनी. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई आणि दोषी पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला.

ज्या उशिराने माणूस फाशी यार्डात आतून झिजत जातो, त्याच उशिराने या सहा जणांचे प्राण वाचवले. यंत्रणा २००९ सालीच वेगाने चालली असती, तर ते आज नसते आणि चूक कधी उघडही झाली नसती. मेलेल्या माणसाची अपिलं कुणी पुन्हा ऐकत नाही. या शिक्षेत विलंब ही क्रूरता आहे आणि घाई ही त्याहून मोठी क्रूरता आहे. या पेचातून सुटायचा मार्ग मी पुष्कळ शोधला. शिक्षा ठेवून तो सापडत नाही.

आणखी एक प्रकरण सांगतो, तेही पुण्याचंच. १९९४च्या ऑगस्टमध्ये पुण्यात सात जणांचा खून झाला. त्यात राजस्थानातून आलेल्या एकाला १९९८ साली फाशी झाली, २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. कोर्टाच्या कागदांवर त्याचं नाव वेगळं होतं आणि वय विशीच्या पुढचं. नागपूरच्या तुरुंगात त्याने शिक्षण घेतलं, पदवी मिळवली, पुढेही शिकला. बिकानेर जिल्ह्यातल्या त्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये मात्र जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. पुण्याच्या न्यायाधीशांनी चौकशी केली, नोंद खरी निघाली. गुन्ह्याच्या दिवशी तो बारा वर्षं सहा महिन्यांचा होता. त्या वयाच्या मुलाला कायद्याने फार तर तीन वर्षं सुधारगृहात ठेवता आलं असतं. २७ मार्च २०२३ रोजी सुटकेचा आदेश निघेपर्यंत तो अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होता, त्यातली पंचवीस फाशीच्या छायेत. एका शाळेचं रजिस्टर शोधायला देशाला इतका वेळ लागला.

३ जून १९४९ रोजी संविधान सभेत चर्चा होती, फाशी झालेल्याला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा का. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा म्हणाले की अपिलाची तरतूद करत बसण्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला मी पाठिंबा देईन. अपिलांच्या जाळ्यांवर भिस्त ठेवण्याऐवजी त्यांनी थेट मुळाकडे बोट दाखवलं होतं. नाशिकच्या प्रकरणात तिन्ही जाळ्यांमधून सहा निर्दोष माणसं फासापर्यंत पोचली, हे आपण आता पाहिलं आहे.

पुढच्या वेळी एखाद्या भीषण गुन्ह्यानंतर महिन्याभरात फाशीची मागणी होईल, तेव्हा तुमचाही संताप खरा असेल आणि माझाही. त्या कुटुंबाच्या बाजूने उभे राहा, तपास नीट व्हावा म्हणून मागे लागा, खरा गुन्हेगार जन्मभर आत राहावा असा आग्रह धरा. फाशी मात्र मागू नका. ती कायद्याच्या पुस्तकातून जायला हवी.