आंग्रेवाड्याची जोती

अलिबागच्या पुळणीवरून ओहोटीला पायी गाठता येणाऱ्या कुलाबा किल्ल्यात सरखेल आंग्रे यांच्या वाड्यांची आता जोतीच काय ती राहिली आहेत. पाहायला आलेल्यांना एखाद्या जोत्याकडे बोट दाखवून ‘हा कान्होजींचा वाडा’ असे सांगितले जाते. ते मान्य करण्याआधी बरीच छाननी करावी लागते.

किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाने घडवलेल्या तहात तो इतर किल्ल्यांसह कान्होजींकडे राहिला. तेव्हापासून १८४० पर्यंत, म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ, आंग्रे इथून कारभार पाहत होते. एवढ्या काळात एकच वाडा तसाच उभा राहिला, असे समजायला आधार नाही, कारण मध्ये दोन मोठ्या आगी लागल्या. पहिली १७२९ सालची, पिंजरा बुरुजाजवळची. त्याच वर्षी ४ जुलैला कान्होजी वारले. दुसरी १७८७ सालची, पहिल्या रघुजींच्या अमदानीतली. तिच्यात आंग्रेवाडा जळाला. सांगोवांगीत या दोन आगींची सहज एक होते आणि वाड्याचे वय साठ वर्षांनी इकडे-तिकडे सरकते.

साल ठरवायला मोडी कागद उपयोगी पडतात, पण त्यांची कालगणना जपून वाचावी लागते. मराठेशाहीतल्या कागदांवर बहुधा सुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘समान समानीन मया व अलफ’ म्हणजे आठ, ऐंशी, शंभर आणि हजार मिळून ११८८. हा सन मृग नक्षत्राला पालटतो. त्यामुळे १७८७ च्या मृगापूर्वीचा कागद ‘सबा समानीन’ म्हणजे ११८७ चा, तर त्यानंतरचा ११८८ चा ठरतो. सरसकट ५९९ मिळवणाऱ्याची बेरीज वर्षाच्या एका भागात चुकते. पुण्याच्या पेशवे दप्तरातले आंग्र्यांविषयीचे रुमाल चाळताना ही खबरदारी घ्यावीच लागते.

आगीनंतर जे उभे राहिले, तेही फार टिकले नाही. दुसरे रघुजी १८३८ मध्ये वारले. त्यांचा अल्पवयीन मुलगा पुढच्याच वर्षी गेला. दत्तकाला परवानगी नाकारून कंपनी सरकारने १८४० मध्ये संस्थान खालसा केले. दोनच वर्षांनी किल्ल्यातल्या इमारतींचे लाकूड लिलावात गेले आणि दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या कामाला लागले. कुलाबा आणि जंजिरा यांचे गॅझेटियर निघाले १८८३ मध्ये. म्हणजे त्यातले वर्णन लिलाव होऊन चाळीस वर्षे लोटल्यावरचे आहे, हे धरूनच ते वाचायचे.

लाकूड गेले तरी जोत्यावरून बरेच कळते. वाड्याचे खांब दगडी तळखड्यावर उभे असत. तळखडे जागेवर असतील तर त्यांच्यातल्या अंतरावरून खण मोजता येतात, चौक कुठे होता आणि ओसरी किती रुंद होती, हे ठरवता येते. एका जोत्याच्या आत दुसऱ्याची पायरी दबलेली दिसली, किंवा चिऱ्यांची घडण मध्येच बदलली, तर काम दोनदा झाल्याचा संशय घ्यावा. लिलावात विकलेल्या तुळयांचा माग काढायचा तर अलिबाग परिसरातली जुनी घरे बघावी लागतील: आजच्या सांध्याशी न जुळणारी रिकामी खाच म्हणजे ते लाकूड आधी दुसरीकडे बसले होते. मात्र ते किल्ल्यातूनच आले, हे खाचेवरून सिद्ध होत नाही. त्यासाठी खरेदीचा कागदच लागतो.

या सगळ्या पडझडीत एक जागा पक्की आहे. रघुजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे देऊळ आणि त्याजवळची पुष्करणी शाबूत आहेत. पूजा चालू राहिल्याने देवळाची जागा आणि नाव दोन्ही बदलले नाहीत. जुन्या कागदात ‘देवळाच्या अमुक अंगास’ असा निर्देश सापडला, तर जोती याच देवळापासून मोजायची.